गाळाच्या वतीने

अंबा नदीच्या खाडीत, डोलवीच्या आसपास, एखादा मचवा किंवा फायबरची होडी रुतली आणि थोड्या वेळात तिचं इंजिन तापलं, की आरोपी ठरलेलाच असतो. तो म्हणजे गाळ. पंचनाम्याआधीच निकाल लागतो. तांडेल गाळाला शिव्या घालतो, खलाशी घालतात, बांधावरून गंमत बघणारे घालतात आणि मालक फोनवरून घालतो. गाळ मुळातच खालच्या पातळीवर राहणारा. तो उलट उत्तर देत नाही. आरोपीला वकील मिळत नसेल तर सरकारी खर्चाने देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. सरकारने अजून खर्चाचं काही कळवलेलं नाही, तरी हे वकीलपत्र मी घेतलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: रुतलेल्या होडीचं इंजिन रुतल्यामुळे तापत नाही, सुटण्याच्या खटपटीमुळे तापतं. रुतल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होडीवरची एरवी शहाणीसुरती असलेली माणसं जे काही करतात, त्यातच सगळा गुन्हा घडतो. गाळ आपल्या पायांनी इंजिनात शिरलेला नसतो. त्याला ढवळून जागं केलेलं असतं, पंप लावून ओढलेलं असतं आणि रबरी नळीतून आत नेलेलं असतं. याला घुसखोरी कसं म्हणणार? फार तर अपहरण म्हणता येईल.

आधी आरोपीचा राहण्याचा पत्ता. अंबा सह्याद्रीत उगम पावते, जांभूळपाडा, पाली, नागोठणं करत खाली उतरते आणि धरमतरच्या खाडीतून रेवस आणि करंजाच्या मधून समुद्राकडे जाते. मनात आणलं तर ती काय काय वाहून आणू शकते हे जांभूळपाड्याने जुलै १९८९च्या पुरात पाहिलेलं आहे. वरून आलेल्या या मातीला खाडीच्या पट्ट्यात समोरून भरतीचं खारं पाणी भेटतं. गोड्या पाण्यात सुटे तरंगणारे मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणजे गाळाने इथे मुक्काम केला तो रसायनशास्त्राच्या लेखी परवानगीने. त्याच गाळावर बांध घालून आणि उघाड्या बसवून खारेपाटाच्या माणसांनी भातशेती उभी केली. त्याच गाळात निवट्या राहतात, आणि जन्मभर चिखलात लोळूनही निवटीचं अंग तापल्याचं कोणी ऐकलेलं नाही. माझ्या अशिलाने स्वराज्याचीही सेवा केली आहे, तीही नोंदवून ठेवतो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी तो अडवायला जहाजं पाठवली. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या पाठलाग सुरू झाला की नागोठण्याच्या खाडीत, म्हणजे याच अंबेत, शिरत. खोल बुडाची इंग्रजी जहाजं तोंडाशी ताटकळत राहत. तेव्हा गाळाला कोणी शिव्या घातल्या असतील तर त्या इंग्रजीत असतील. या सगळ्याच्या मानाने उपरे आपणच. डोलवीला पोलादाचा कारखाना आला तो नव्वदच्या दशकात, आणि २०१०च्या डिसेंबरात तो इस्पातकडून जेएसडब्ल्यूकडे गेला. मोठ्या जहाजांतून आलेलं लोहखनिज आणि कोळसा जयगडसारख्या खोल बंदरात उतरतो, तिथून बार्जमध्ये भरून धरमतरच्या धक्क्याला लागतो, आणि या बार्जना खाडीत शिरताना आजही भरतीची वेळ सांभाळावी लागते. एवढा मोठा कारखाना जर पाण्याची वेळ बघून वागतो, तर दोन सिलिंडरच्या होडीने वेगळं का वागावं?

आता गुन्ह्याची जागा पाहू, म्हणजे इंजिन. डिझेल जाळून जी ऊर्जा निघते तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा पंखा फिरवण्याच्या कामी येतो, तिसरा धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला तिसरा इंजिनाच्या अंगात मुरतो. तो सतत बाहेर काढत राहावा लागतो. मोटारीत हे काम वारा करतो. म्हणून तर गणपतीच्या गर्दीत वडखळच्या नाक्यावर बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी राहिलेली कुटुंबं दिसतात. होडीला वाऱ्याच्या नादी लागायचं कारण नाही, कारण तिच्या बुडाखाली अख्खी खाडी पसरलेली असते. त्यासाठी होडीच्या बुडाला एक भोक पाडतात. (ज्या वस्तूने तरंगायचं तिच्या बुडालाच मुद्दाम भोक पाडायचं, हा माणसाच्या आत्मविश्वासाचा कळस आहे, पण ते असो.) भोकावर कॉक, कॉकच्या पुढे गाळणी, गाळणीच्या पुढे रबरी पात्यांचा पंप. हा पंप खाडीचं पाणी ओढून हीट एक्सचेंजर नावाच्या नळकांड्यात सोडतो. त्यातल्या बारीक नळ्यांतून खारं पाणी जातं, नळ्यांच्या बाहेरून इंजिनातलं गोडं पाणी फिरतं. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता इकडची तिकडे होते. मग हे खारं पाणी धुरात मिसळून होडीच्या मागच्या अंगाने फुरफुरत बाहेर पडतं. आउटबोर्ड मोटारीत हाच संसार थोडक्यात मांडलेला असतो: पंप तिच्या पायात, पंख्याच्या जरा वर, आणि पाणी फिरतं आहे याची खूण म्हणून बाजूने एक बारीक धार सारखी उडत राहते. या सगळ्या यंत्रणेची एकच श्रद्धा असते, की आत येणारी वस्तू पाणी आहे. गाळणी पान अडवते, दुधाची पिशवी अडवते, गुटख्याची पुडी अडवते. खाडीच्या गाळाचे कण तिच्या जाळीपेक्षा कितीतरी बारीक असतात. त्यांना ती सलाम करून आत सोडते.

होडी रुतते तो क्षण इंजिनाच्या दृष्टीने अगदीच निरुपद्रवी असतो. वेग मंदावतो, नाळ किंचित वर उचलली जाते, उभी असलेली माणसं दोन पावलं पुढे जाऊन एकमेकांना धरतात, आणि बस्स. त्या घटकेला इंजिन बंद केलं तर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. पण इंजिन बंद करणं हे आपल्याकडे हार मानण्यासारखं समजतात, म्हणून सर्वानुमते रिव्हर्स गिअर पडतो आणि थ्रॉटल शेवटपर्यंत जातं. इथून पुढे जे घडतं ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. पंखा उलटा फिरतो तेव्हा तो पाणी मागे ढकलत नाही, पुढे ढकलतो. म्हणजे नेमकं होडीच्या बुडाखाली, जिथे ते पाणी ओढणारं भोक आहे तिथे. पंखा तळाच्या अगदी जवळ असल्यामुळे त्या पाण्यात आता पाणी थोडं आणि माझा अशील जास्त असतो. दुसरीकडे होडी जागची हलत नसते. चालत्या होडीचा पंखा येणाऱ्या पाण्यावर सहज फिरतो. जखडलेल्या होडीत त्याला प्रत्येक फेऱ्याला सगळा भार स्वतः उचलावा लागतो. इंजिन पुरते फेरे घेऊ शकत नाही, काळा धूर सोडतं आणि एरवीपेक्षा जास्त उष्णता निर्माण करतं. म्हणजे थंड पाण्याची गरज वाढली त्याच मिनिटाला पाण्याऐवजी राबडी पुरवायला सुरुवात झाली. त्यात भोक चिखलाने पुरतं बुजलं तर पंपाची रबरी पाती कोरडी फिरू लागतात, आणि ही पाती पाण्याच्या ओलाव्यावरच जगतात. कोरडी फिरली तर त्यांचे तुकडे पडायला फार वेळ लागत नाही. एवढं सगळं चालू असताना तापमानाच्या काट्याकडे कोण पाहत असतं? तांडेल मान वळवून मागे पाहतो, खलाशी बांबू रोवत खाली पाहतात, आणि काठावरचे सल्लागार "अजून मार, अजून मार" म्हणत तांडेलाकडे पाहतात. काटा बिचारा एकटाच लाल पट्ट्यात जातो.

आता पुरावे. ते नीट गोळा करायचे तर तपास पाण्याच्या वाटेने करावा, बाहेरून आत. एरवी तो चुकीच्या टोकाकडून होतो. जिथे उष्णता दिसते तिथे माणसं पाना घेऊन भिडतात, आणि तापलेल्या टाकीचं झाकण तसंच उघडून दाबाखालच्या उकळत्या पाण्याने हात भाजून घेतात. दुसरे काही दयाळू लोक तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओततात, त्यामुळे सिलिंडर हेडला तडा जाण्याची सोय होते. खरं तर पहिला प्रश्न सोपा आहे: मागून पाणी पडत होतं की नाही? कोरडा एक्झॉस्ट वेगळाच खडखडीत आवाज करतो, वाफ सोडतो, आणि रबरी नळी जळाल्याचा वास येतो. पाणी पडत नव्हतं असं ठरलं की कॉक बंद करायचा आणि मग गाळणी उघडायची. याच क्रमाने. कॉक उघडा ठेवून गाळणी उघडली तर खाडी सरळ आत येते, आणि रुतलेली होडी रुतल्या जागीच भरते. गाळणीत काही सापडलं तर ठीक. पण ती स्वच्छ निघाली म्हणून कोणी सुटत नाही, कारण गाळ तिथून केव्हाच पुढे गेलेला असतो. मग पंपाचं झाकण काढून पाती तपासायची. पाती तुटलेली असतील तर नवा इंपेलर बसवून मोकळं होण्याचा मोह होतो, आणि पुढच्या दुखण्याची बी तिथेच पेरली जाते. तुटलेले तुकडे जुळवून मोजायला हवेत. सहा पाती होती आणि साडेचार सापडली, तर दीड पातं वाटेत कुठेतरी, बहुधा हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी, अडकून बसलेलं आहे. इंपेलर नवा असो की जुना, ते पाणी अडवतच राहणार. पंपाच्या पितळी झाकणावर गोल ओरखडे दिसले तर रेती फिरली असं समजावं. मग नवी पातीही त्या झाकणाला घट्ट बसत नाहीत आणि पंप अर्ध्या मनाने काम करतो. सगळ्यांत शहाणा पुरावा मात्र उशिरा येतो. एक्सचेंजरच्या नळ्यांत शिरलेला बारीक गाळ उष्णतेने आतल्या आत भाजून घट्ट होतो आणि वाट अरुंद करून ठेवतो. होडी त्या दिवशी सुटून घरी जाते, आठवडाभर बरी चालते, आणि एके दिवशी भर समुद्रात काटा वर चढतो. तेव्हा आठवड्यापूर्वीच्या रिव्हर्स गिअरची कोणाला आठवण नसते. दोष मग डिझेलला जातो, मेस्त्रीला जातो, क्वचित नजर लागण्याला जातो. त्या नळ्या सुटीच्या दिवशी काढून गोड्या पाण्याने आणि बारीक सळईने साफ केल्या असत्या, तर देवाधर्माच्या खात्यावर खर्च पडला नसता.

इथे थर्मोस्टॅटचा उल्लेख केला नाही तर फिर्यादी पक्ष नाराज होईल. तापलेलं इंजिन पाहिलं की थर्मोस्टॅट काढून फेकून देणे हा मोटारीपासून मचव्यापर्यंत चालत आलेला आपला सर्वमान्य उपचार आहे. त्यात तर्क असतो: ही वस्तू पाणी अडवते, अडवणारी वस्तू काढली की पाणी वाहील. पण रुतल्यानंतर पाच मिनिटांत थर्मोस्टॅट नेमका त्याच मुहूर्तावर बिघडावा, हा योगायोग पत्रिका जुळवणाऱ्यांनाही पटण्यासारखा नाही. शंका असेल तर त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात तो दोऱ्याने लटकवायचा. साधारण ८० अंशांच्या पुढेमागे उघडू लागला तर तो निर्दोष. (थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात तो आधीच उघडतो, कारण खारं पाणी फार तापलं की मीठ धरतं.) निर्दोष थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन पुढे कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, आणि मालक म्हणतो, बघा, आता कसं गार राहतं! गार राहतं खरं. बाकीचं बिल हळूहळू येतं.

यावर एक आक्षेप माहीतगार मंडळींकडून येतो आणि तो नीट ऐकला पाहिजे. ते म्हणतात, आमच्या ट्रॉलरला असलं भोक नाही आणि रबरी पातीही नाहीत. ट्रकचं इंजिन फेरफार करून बसवलंय, त्याचं गोडं पाणी बुडाखालून नेलेल्या पाइपांतून फिरतं आणि तिथेच निवतं. गाळ आत यायला वाटच नाही, तरी रुतल्यावर काटा चढला, मग बोला! बोलतो. ते पाइप निवतात ते बाहेरून वाहत्या पाण्यामुळे. होडी चिखलात बसली की पाइपही चिखलात बसतात. त्यांच्याभोवतीचा गाळ एकदा तापला की तो कुठे जात नाही, आणि त्याच्या जागी थंड गाळही येत नाही. अशा स्थितीत पूर्ण थ्रॉटल दिलं तर उष्णतेने जायचं कुठे? इंजिन मंद ठेवलं असतं किंवा बंद केलं असतं, तर काट्याला चढायचं कारण नव्हतं. म्हणजे या खटल्यात आरोपी फक्त घटनास्थळी बसलेला होता. रुतताना पाइप चेपले गेले असतील तर ती गोष्ट निराळी. पण ते काम अंबेच्या मऊ चिखलाचं नसतं, खडकाचं असतं. खडकाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. पंखा वाकला असेल किंवा त्याला जाळ्याचा दोर गुंडाळला असेल तर मोकळ्या पाण्यातही इंजिनावर भार येतो आणि ते तापतं, हेही खरं. म्हणून ओहोटीत पंखा उघडा पडला की त्याला एकदा हात लावून पाहावं. चिखल फुकटात गोदीची सोय करून देतो, याबद्दल त्याचे आभार कोणी मानत नाही तो भाग वेगळा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यापुढे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. पाणी ओहोटीला लागलेलं असताना होडी रुतली तर प्रत्येक मिनिटाला ती अधिक घट्ट बसते. अशा वेळी इंजिन बंद करून तत्त्वज्ञान सांगणारा माणूस सहा तास तिथेच बसणार. कबूल. सुकतीच्या पाण्यात पहिल्या एक-दोन मिनिटांत एकदा रिव्हर्स घेऊन पाहणं योग्यच आहे. माणसं एका बाजूला नेऊन होडी कलती करावी, जड सामान हलवावं, बांबूने रेटा द्यावा. माझा आग्रह 'एकदा' या शब्दावर आहे. एकदा प्रयत्न करून होडी हलली नाही, तर दुसऱ्या वेळी हलण्याचं काही कारण उरत नाही, कारण पाणी तेवढ्यात आणखी उतरलेलं असतं आणि पंख्याने उकरलेला चिखल बुडाखाली जाऊन बसलेला असतो. पण मनुष्यस्वभाव असा की पहिला प्रयत्न फसला तर दुसरा जास्त जोरात करायचा. तिसरा आक्षेप पावसाळ्याचा. खाडीबाहेर जुलैची लाट असेल, खाली खडक असेल, तर वाट बघत बसणं म्हणजे होडीचे तुकडे होण्याची वाट बघणं. हेही मान्य, तिथे जीव वाचवायला जे सुचेल ते करावं. मात्र अशा वेळीही इंजिन कितपत उपयोगी पडतं? जुलै २०२४मध्ये अलिबागच्या समुद्रात एक मालवाहू जहाज भर वादळी हवेत उथळ पाण्यात अडकलं, तेव्हा त्यावरच्या १४ जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलून आणलं. सुटका आभाळातून झाली, रिव्हर्स गिअरमधून झाली नाही. डोलवीच्या खाडीत तर लाटाही नाहीत आणि खडकाची भीतीही कमी. तिथे सगळी घाई असते ती माणसांच्या डोक्यात.

खाडीत सुटका करणारं यंत्र एकच आहे, त्याला डिझेल लागत नाही, आणि ते चार दिवस आधी कळवून येतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या पुढे फरक पडतो. धरमतरच्या खाडीतही पाणी त्याच हिशेबाने चढतं-उतरतं. चार मीटर पाणी चढताना जे उचललं जाणार नाही अशी होडी निदान पेण तालुक्यात तरी नाही. वेळ काढायला कोष्टक लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास सुकती, द्वादशीला नऊ वाजता भरती. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच, फक्त खाडीत आत आलात तर पाणी पोचायला थोडा उशीर धरायचा. गणितात कच्चा असलेला माणूसही पाऊणकी विसरत नाही. विसरतो तो रुतल्यावर. ज्यांना कोळ्यांच्या पाऊणकीवर भरवसा नसेल त्यांनी सुएझ कालव्याकडे पाहावं. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज तिथे आडवं रुतलं. टगबोटी झाल्या, ड्रेजर झाले, जगभरचे तज्ज्ञ झाले, सहा दिवस गेले. आपल्याकडे २८ मार्चला होळी पेटली, म्हणजे पौर्णिमा झाली, आणि २९ मार्चला पौर्णिमेच्या उधाणाने ते जहाज उचललं. वाळू उपसणाऱ्यांचं आणि ओढणाऱ्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण शेवटी सगळ्यांनी मिळून चंद्राचीच वाट पाहिली. त्याच्याही आधी, ११ जून १७७०च्या रात्री, कॅप्टन कुकचं एंडेव्हर ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकावर चढलं. कुकजवळ इंजिन नव्हतं, म्हणून त्याचं इंजिन तापलं नाही. त्याने तोफा आणि जड सामान समुद्रात टाकून जहाज हलकं केलं, नांगर होड्यांतून लांब नेऊन खोल पाण्यात सोडले, आणि दोर ताणून भरतीची वाट पाहिली. दिवसाच्या भरतीला जहाज उठलं नाही, रात्रीच्या भरतीला उठलं. तळाला भोक पडलेलं असताना, पंप मारणारी माणसं थकलेली असताना, अनोळखी समुद्रात, तो जवळजवळ एक अख्खा दिवस थांबला. आपल्याला वडखळला चहा प्यायला जायचं असतं, म्हणून आपण थांबत नाही.

राहता राहिला मालकाचा आक्षेप, की सहा तास थांबणं परवडत नाही. या आक्षेपाला मी भितो, कारण तो पैशाचा आहे. तरी हिशेब करून पाहू. सहा तासांत बुडते ती एक खेप. इंपेलर तुटला तर खेप अधिक इंपेलर. गाळ नळ्यांत गेला तर खेप, इंपेलर आणि मेस्त्रीचा दिवस. हेड वाकलं तर खेप, इंपेलर, मेस्त्री, नवं हेड, आणि होडी बंदराला बांधलेली असतानाचे सगळे दिवस. पहिली रक्कम सगळ्या बेरजांत आहेच. होडी सुकतीत रुतली ती रुतलीच, इंजिन तापवून ती लवकर सुटली असं कोणाच्याच खात्यात जमा दिसत नाही. मालक एकाच बाबतीत माझ्यावर मात करू शकतो. उधाणाच्या पूर्ण भरतीला, अगदी पाण्याच्या टोकावर होडी रुतली, तर पुढची भरती तिला उचलत नाही. पुढची प्रत्येक भरती थोडी थोडी कमी होत भांगापर्यंत, म्हणजे सगळ्यांत लहान भरतीपर्यंत, उतरते, आणि पुन्हा तेवढं पाणी यायला पंधरवडा जातो. अमावास्येला रुतलात तर पौर्णिमेपर्यंत तिथेच. डबा घरून मागवावा लागतो. अशा वेळी कुकचा मार्ग उरतो, भार हलका करण्याचा. पण तोफा पाण्यात टाकायला राजाची परवानगी विचारावी लागली नव्हती, आणि इथे होडीत भरलेली रेती पाटी-पाटीने उतरवायची म्हटली तरी ती कोणाच्या शेताच्या बांधावर टाकायची यावर गावात बैठक बसते. ती बैठक संपेपर्यंत बहुधा पौर्णिमा येतेच.

आणि पाणी आलं, होडी आपोआप डुलायला लागली, की इंजिन लगेच जोरात सुरू करू नये. होडी आधी बांबूने आणि नांगराच्या दोराने खोल पाण्यात घ्यावी, भोकाखालचा गाळ खाली बसू द्यावा, कॉक उघडला आहे याची खात्री करावी आणि मग मंद फेऱ्यांवर इंजिन चालू करून एका माणसाला मागे, एक्झॉस्टकडे तोंड करून बसवावं. या कामावर इंजिनातलं ज्याला सगळ्यांत जास्त कळतं त्याला नेमण्याची पद्धत आहे, ती बंद व्हायला हवी. जाणकार माणूस पाणी कमी पडताना दिसलं की त्याची तीन कारणं सांगू लागतो, आणि तिसरं कारण संपेपर्यंत काटा वर जातो. ज्याला काहीच कळत नाही असा होडीवरचा सगळ्यांत लहान पोरगा तिथे बसवावा. पाणी आलं नाही तर तो फक्त "पाणी नाय" म्हणून ओरडेल. तेवढं ऐकून चावी फिरवायची, आणि त्याला पुढे काही विचारायचं नाही.